निकालानंतरचा जामीन

मी रहस्यकथा लिहिते. दिवाळी अंकांसाठी लिहिते, आणि मधली काही वर्षं एका वाहिनीवरच्या गुन्हेगारीच्या मालिकेसाठीही लिहीत होते. त्यामुळे नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत माझी ख्याती अशी, की कोर्टकचेरीतलं सगळं हिला कळतं. कुणाचा भाडेकरू खोली सोडत नसला, कुणाची गाडी चोरीला गेली, की लोक आधी माझी बेल वाजवतात. मी वकील नाही हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. माझ्या कथांतले न्यायाधीश ऐटीत लाकडी हातोडा आपटतात, आणि आपल्या कोर्टात तसला हातोडाच नसतो, हे मलाही खालामुळेच कळलं.

खाला म्हणजे आमच्या मागच्या गल्लीत साड्यांना फॉल-पिको करून देणारी बाई. वयानं माझ्याएवढीच असेल, पण सगळी कॉलनी तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणते म्हणून मीही म्हणते. नवरा लवकर गेला, एकुलता एक मुलगा पिकअप गाडी चालवतो. दोन अनोळखी माणसांनी भंगार आणायचं म्हणून त्याची गाडी भाड्यानं घेतली. चांदवडजवळ पोलिसांनी ती अडवली, तर भंगाराखाली शेतातल्या विहिरींवरून चोरलेल्या पाण्याच्या मोटारी. तिघांनाही आत टाकलं. जामिनावर सुटल्यावर ते दोघे कुठं गायब झाले देव जाणे, आणि खटला चालला तो या एकट्यावर, चांदवडच्या कोर्टात, वर्षानुवर्षं.

ही गोष्ट आमच्या मालिकेत आली असती तर पहिल्या दृश्यातच ड्रायव्हरच्या तोंडावर लाल उजेड आणि मागे धडधडणारं संगीत. मुलगा निर्दोष दाखवायचा असला तरी अर्धा भाग होईपर्यंत त्याच्यावरच संशय ठेवायचा, असा तिथला दंडक होता. नाहीतर प्रेक्षक जाहिरातीत निघून जातो म्हणे. त्यातही मुलगा कुठल्या मोहल्ल्यातला आहे यावर संशय किती गडद करायचा ते ठरायचं. या एकाच गोष्टीवरून मी तिथं भांडले आणि ते काम सोडलं, त्याचं मला अजून बरं वाटतं.

खालाला त्या खटल्यातून एकच गोष्ट हवी होती. मुलाचं लग्न येवल्याला ठरलं होतं. मुलीचे वडील पैठणी विणणारे, घरातच माग. अटक झाली आणि लग्न थांबलं. त्यांनी सोयरीक मोडली नाही, पण निरोप पाठवला, की मुलगा ‘बाइज्जत बरी’, म्हणजे मानानं निर्दोष, होऊ द्या, मग बोलू. मुलगीही हटून बसली होती. आलेली दुसरी स्थळं तिनं परत पाठवली होती. पण बाप किती थांबणार? खाला मशीनवर बसल्या बसल्या तेच तेच बोलायची. जज साहेब चष्मा काढतील, पोराकडे बघतील, भरल्या आवाजात ‘बाइज्जत बरी’ म्हणतील, आणि येवलेवाले ते आपल्या कानांनी ऐकतील. जन्मभर पाहिलेल्या सिनेमांनी तिला एवढं पक्कं शिकवलं होतं. येवलेवाल्यांनीही तेच सिनेमे पाहिले असणार, कारण निकाल ऐकायला मी स्वतः येतो, असं त्यांनी कळवलं.

निकालाच्या दिवशी खाला मला सोबत घेऊन गेली. चांदवडचं कोर्ट पाहून मी जरा हिरमुसलेच. छोटीशी खोली, लाल फडक्यांत बांधलेल्या फायली, पंख्याची घरघर. पिंजरा वगैरे काही नाही; खालाचा मुलगा मागच्या भिंतीशी चपला काढून उभा होता. न्यायाधीश एक तरुण बाई होत्या आणि त्यांना सणकून सर्दी झालेली. पहिल्या बाकावर येवल्याचे ते गृहस्थ, पांढरी टोपी, काटक अंग, एक तळवा कानामागे धरून बसलेले. त्यांना थोडं कमी ऐकू येत होतं.

खटल्याचा पुकारा झाला. बाईंनी कागदावरची नजर न हटवता सांगितलं, की तुमच्याविरुद्ध पुरावा नाही, तुम्हाला सोडण्यात येतंय, जामीन द्या. नाक पुसलं. पुढच्या खटल्याचा पुकारा झाला. एवढ्यात सगळं संपलं. माझ्या कथेत या जागी मी निदान दोन पानं घेतली असती.

त्या गृहस्थांच्या कानावर शेवटचा शब्द तेवढा पडला. ते उठले आणि खालाजवळ येऊन हळूच म्हणाले, “पुन्हा जामीनच की. सुटला कुठं?” आणि बाहेर पडले. खालालाही तसंच वाटलं होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही. वकिलांनी बाहेर व्हरांड्यात समजावलं, की सुटला आहे, पूर्ण सुटला आहे. पण सरकार वरच्या कोर्टात गेलं तर बोलावल्यावर हजर राहीन, अशी हमी सुटताना द्यावी लागते, आणि त्याला जामीनदार लागतो. इतकी वर्षं जामीनदार होता खालाचा भाऊ, तो गेल्या हिवाळ्यात वारला. कोर्टानं दुसऱ्या दिवसापर्यंत मुदत दिली.

मी तशीच एसटी स्टँडवर धावले. ते मनमाडच्या गाडीची वाट पाहत उभे होते. धापा टाकत मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग बाईंनी बाइज्जत म्हटलं का?”

मला खोटं बोलता आलं असतं. कथेत मी रोज बोलते. पण त्या माणसाला कानामागे तळवा धरून पुढे झुकलेलं पाहून माझी जीभ वळेना. मी म्हटलं, तसा शब्द कायद्यात नाहीच. तो सिनेमावाल्यांचा. कोर्ट फक्त पुरावा नाही एवढं सांगतं.

“म्हंजी पोरगा चांगला हाय, असं कोर्ट सांगत नाय.”

“नाही,” मी म्हटलं. “ते त्याचं कामच नाही.”

मग त्यांनी हमी म्हणजे काय ते विचारलं. मी सांगितलं, की बोलावलं तर याला आणून उभं करायचं, आणि हा पळाला तर जामीनदाराच्या मागे लागतात. त्यांनी मान हलवली. गाडी आली, ते चढले आणि गेले. खरं बोलून मी खालाचं सगळं बुडवलं, असं मला वाटलं. परतीच्या गाडीत माझा तिच्याकडे पाहण्याचा धीर झाला नाही. उतरताना एवढंच म्हटलं, की जामीनदार मी राहते, माझ्या घराचे कागद आहेत.

दुसऱ्या दिवशी मी घरपट्टीची पावती पर्समध्ये घालून खाला आणि तिच्या मुलाबरोबर पोहोचले, तर ते गृहस्थ कोर्टाच्या पायरीवर बसलेले. पहिल्या गाडीनं आले होते. हातात प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात रेशनकार्ड, आधार, त्यांच्या घराची पावती. मी माझी पावती काढायला लागले तर म्हणाले, “ऱ्हाऊ द्या ताई, ठेवा ती.” खालाकडे त्यांनी पाहिलं नाही. खाला त्यांच्याकडेच पाहत होती, आणि तिचा पदर तोंडाशी गेला होता.

आत बाईंनी कागद पाहिले. जामीनदाराला विचारायचे नेहमीचे प्रश्न विचारले. घर स्वतःचं आहे ना, याच्या आधी कुणाला जामीन राहिलात का, याला ओळखता का. ते हात जोडून एकेकाचं उत्तर देत होते. मग बाईंनी विचारलं, की हा तुमचा कोण लागतो?

कमी ऐकू येणारी माणसं मोठ्यानं बोलतात. मागच्या भिंतीशी उभ्या असलेल्या मुलानं मान वर केली.

“जावई,” ते म्हणाले.

कारकुनानं तसं लिहून घेतलं.