दहा हजारांत नऊ कमी

माकणीच्या चांगुणा सरवदेनं मॅट्रिकला गणितात नाव काढलं होतं. बहात्तरच्या दुष्काळानंतर सहकारी संस्थेनं कडुलिंबाची दहा हजार रोपं तिच्या हवाली केली. घागरीनं पाणी घालून तिनं ती जगवली, नऊच दगावली. आता ती माळावर लावायची होती. एका ओळीला एक पाट, आणि पाणी मोजकं, म्हणून सगळ्या ओळी सारख्या हव्या होत्या.

"शंभराच्या नव्व्याण्णव ओळी करा, बाई," चेअरमन चन्नबसप्पा म्हणाले. "उरलेली एक्क्याण्णव सोडा. दोन, तीन, सात, अकरा, समद्यांनी भागून बगितलं. ही संख्या फुटत न्हाय."

"माझं एक बी रोप सुटणार न्हाय, अण्णा!"

चांगुणा काडीनं मातीत लिहू लागली. दहा हजार हा शंभराचा वर्ग, नऊ हा तिनाचा. वर्गातून वर्ग वजा केला, की फरक आणि बेरीज यांचा गुणाकार मिळतो. शंभरातून तीन गेले, सत्त्याण्णव. शंभरात तीन मिळवले, एकशे तीन.

"अण्णा, फुटली! सत्त्याण्णव ओळी, ओळीत एकशे तीन. ह्या दोन्ही मूळ संख्या, म्हणून हिची दुसरी फोडच न्हाय!"

"लई झ्याक!" चन्नबसप्पांनी टोपी हवेत उडवली. "पाडा पाट!"

आठवड्याभरात माळावर सगळी रोपं ओळीत उभी राहिली, आणि पाणी शेवटच्या रोपापर्यंत पोचलं.