करुणेला दहापैकी

नर्सिंगच्या मुलींना करुणा कशी शिकवायची, हा प्रश्न इतरांना पडत असेल. ट्यूटरबाईंना पडला नव्हता. त्यांनी करुणेचा तक्ताच केला होता. हसणे, दोन गुण. स्वतःचं नाव सांगणे, दोन. खांद्यावर हात ठेवणे, दोन. ‘मी तुमचं दुःख समजू शकते’ या वाक्याला तीन. मग थोडा वेळ गप्प राहणे, एक. झाले दहा! एकवीस वर्षं वॉर्डात हाडं झिजवलेल्या बाईला हे सुचावं याचं नवल वाटतं, पण मीटिंगा माणसाला कुठल्या कुठे नेऊन ठेवतात.

सराव चाले प्लास्टिकच्या रुग्णावर. तो बिचारा कधी कण्हला नाही की उलटून बोलला नाही. शीर मात्र त्याच्या डाव्या हातालाच होती. उजवा आतून भरीव. त्यामुळे इथून शिकलेली मुलगी जिवंत माणसाचाही डावाच हात धरायची आणि शीर सापडली नाही की त्या माणसाकडेच रागाने बघायची.

यंदाच्या परीक्षेत बाईंना धास्ती होती ती ‘मुकी’ची. वर्गाने तिला ठेवलेलं हे नाव. हात हलका, पण ठरलेलं वाक्य काही तिच्या तोंडून फुटत नसे. करुणेत नापास म्हणजे सगळ्यातच नापास, आणि वडिलांनी बजावलं होतं, ‘यंदा नापास झालीस तर सामान बांधून घरी ये.’

परीक्षेच्या दिवशी खाटेवर प्लास्टिकच्या रुग्णाऐवजी होते एक निवृत्त बसड्रायव्हर. सुईच्या नावानेच त्यांचा चेहरा उतरला होता. पहिली मुलगी हसली, नाव सांगितलं, दुःख समजून घेतलं आणि डाव्या हातात दोनदा चुकीच्या जागी सुई खुपसली. करुणा, दहापैकी दहा.

मुकी आली. हसली नाही. आधी आपले गार हात एकमेकांवर चोळले. आजोबांचे दोन्ही हात नीट पाहिले आणि उजवा उशीवर ठेवला.

“आजोबा, गाडी कुठल्या रस्त्यावर चालवायचात?”

“डोंगरातल्या. काय वळणं होती, पोरी!” आजोबा एकेक वळण सांगू लागले. मध्येच दचकून म्हणाले, “अगं, टोचणार कधी?”

“टोचून झालं.”

बाहेरून आलेल्या परीक्षकबाईंनी तक्त्यावरून बोट फिरवलं. “हसणं नाही, नाव नाही, वाक्य नाही. शून्यच ना?”

ट्यूटरबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी पेन उचललं आणि दहा लिहिले.

“अहो, कशाबद्दल? तक्त्यात बसतंय का हे?”

“नाही बसत. तक्ता मी केलाय, तो चुकलाय.”

“तसं लेखी द्यावं लागेल. चौकशी होईल तुमची.”

बाईंनी तसं लिहून दिलं, सही ठोकली. मग कापसाचा बोळा घेऊन त्या आजोबांच्या डाव्या हातापाशी बसल्या. तिथे दोन ठिकाणी निळं पडलं होतं.

“फार दुखलं ना?” त्या म्हणाल्या. “तिला मीच शिकवलं हो तसं.”