अप्पांच्या गुडघ्याला शेक देणारी वायर

मंडळी, आज सकाळी घरात जे बघितलं ते तुम्हालाबी कळावं, म्हणून लिहायलेय.

मैलूरच्या घरी आम्ही नवी इलेक्ट्रिक स्कूटी अंगणात चार्जिंगला लावतो. खिडकीतून एक्स्टेन्शनची वायर जाते आणि उरलेल्या वायरीची गुंडाळी वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या खाटेजवळ असते.

आज चहा द्यायला गेले, तर अप्पा ती गुंडाळी गुडघ्याला लावून बसलेले.

"अप्पा, हे कामून?"

"थंडीत लई बरं वाटायलंय बघ. रोज शेकायलोय."

पळत जाऊन बटन बंद केलं. वायरीचं प्लास्टिक मऊ पडलं होतं.

मग चार्जरवरचे आणि एक्स्टेन्शनवरचे आकडे वाचले. व्होल्ट सारखेच. आजवर मी तेवढंच बघत होते. अँपियर, म्हणजे वायरीतून किती करंट जातो, ते बघितलंच न्हाई. चार्जर ओढतो तेवढा करंट ही बारीक वायर सोसत न्हाई, त्यात गुंडाळीतली उष्णता बाहेर पडत न्हाई.

एक्स्टेन्शन काढून टाकलंय. पण अप्पा मघाशी विचारायले, "माझी शेकायची वायर कुठं ठेवलीस गं?"

तुमच्या घरी कुणाला वायरीची ऊब आवडायली का? आत्ताच विचारा.