मालवणच्या एकादशीला भाजलेल्या चकल्या

माझ्या बायकोने, वृंदाने, राजगिरा आणि रताळ्याच्या चकल्या ओव्हनमध्ये भाजून पाकिटातून विकायला काढल्या. उपवासाला चालणाऱ्या, वर तब्येतीला चांगल्या. कोल्हापुरातल्या दुकानदारांनी पाकिटं उलटसुलट बघून परत दिली. शेवटी ती म्हणाली, "मालवणात एक जरी घेणारा मिळाला तर ठीक, नाहीतर ओव्हन विकून टाकते." एकादशीच्या सकाळी मागच्या सीटवर दोन खोकी ठेवून आम्ही निघालो.

राधानगरीवरून फोंडाघाट उतरण्याचा रस्ता देखणा आहे, पण वळणांवर सावकाश. फोंड्याच्या बाजारात चहा घ्या, मग कणकवली, कसाल, मालवण. उपवास असेल तर खाणं सोबत ठेवा. हॉटेलांच्या पाट्यांवर सुरमईपासून तिसऱ्या-शिंपल्यांपर्यंत सगळं असतं, वरीचे तांदूळ नसतात. मी चकल्यांवर होतो. कणकवलीपर्यंत त्या मला आवडतही होत्या.

मुक्काम माईंच्या घरी. नाश्ता धरून खोली दोन हजारांच्या आत, समुद्र चालत पाच मिनिटांवर आणि पुढच्या पडवीत माईंचं किराणा दुकान. वृंदाने हातपाय धुण्याआधीच पाकीट फोडलं. माईंनी चकली चावली. बराच वेळ चावली.

"तळूक विसारलंस काय गो?"

"तळायचीच नाही, माई. तेलाचा थेंब नाही. पोट हलकं राहतं."

"पोट हलका ठेवूचा, तर उपवास करूचो कित्याक?"

त्या गंभीरपणे विचारत होत्या. आत पानं मांडलेली होती: साबुदाण्याचे वडे, वरीचा भात, शेंगदाण्याची आमटी, तुपातले रताळ्याचे काप. माईंचे यजमान आबा आधीच कामाला लागले होते. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण मी लहानपणापासून ऐकतोय. ती अशी मांडी घालून बसलेली पहिल्यांदाच पाहिली. वृंदाने स्वतःहून आणखी वडा मागितला, तेव्हा मी खिडकीबाहेरचा माड बघत राहिलो.

दुपारी होडीने किल्ल्यावर गेलो. समुद्र शांत असेल तरच होडी सुटते, पावसाळ्यात बंद. लाटा तटाला लागत होत्या, फोटोला उजेड उत्तम होता. वृंदा म्हणाली, "ओव्हन शेजारच्या काकू घेतील का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा पडवीत पोटावर हात ठेवून बसले होते.

"कायतरी हलका दी गो. पोटाचो दगड झालो."

"वडे खाताना मी सांगत होतंय ना?" म्हणत माईंनी कालचंच फोडलेलं पाकीट त्यांच्यापुढे सरकवलं. आबांनी कोऱ्या चहाबरोबर ते संपवलं. तेवढ्यात शेजारचे एक गृहस्थ सोडा मागायला आले, त्यांचाही हात पोटावर. माईंनी त्यांना सोड्याऐवजी आमच्या खोक्यातलं पाकीट विकलं. मग त्यांच्या वहिनी आल्या.

"बाय, दोनय खोकी ठेव," माई वृंदाला म्हणाल्या. "पण एकादशेक नाय हां, द्वादशेक विकतलंय."

वृंदाचा चेहरा आधी पडला, मग हळूहळू वर आला.

घरी परतून तिने पाकिटावरचा 'उपवासासाठी' हा शब्द काढून 'उपवासानंतर' छापून घेतला. कोल्हापुरातल्या दोन दुकानदारांनी या वेळी पाकिटं परत केलेली नाहीत. माईंकडून दर द्वादशीला फोन येतो. मला मात्र वाटत होतं की, निदान आपल्या घरात तरी पुढच्या एकादशीला भाजलेलंच खाऊ. तसं बोलूनही दाखवलं.

"छे," वृंदा साबुदाणा भिजवत म्हणाली. "लोकांनी वडे सोडले तर माझ्या चकल्या खपतील कशा?"