दोन बुचं

मुरबाड स्टँडवरून कल्याणची जीप नेणारा तो ड्रायव्हर कधीच चुकत नाही, असं त्याचंच मत आहे. एकदा मी सोड्याच्या बाटल्यांची दोन दातेरी बुचं बॉनेटवर ठेवली आणि त्याला विचारलं: एक दाबून धरलं आणि दुसरं त्याच्या कडेकडेने फिरवलं, तर एका वेढ्यात ते स्वतःभोवती किती वेळा फिरेल?

"दोन्ही सारखीच हायेत. एकदाच!"

मी फिरवून दाखवलं. बूच दोनदा फिरलं.

"तुमी ढकललंत," म्हणत त्याने बुचं खिशात टाकली.

पुढच्या आठवड्यात जीप गच्च भरलेली, माणसं ओरडतायत आणि हा बॉनेटवर बुचं फिरवतोय. मला पाहताच म्हणाला, "मास्तर, सांगा बघू, किती वेळा फिरेल?"

"एकदा," मी म्हणालो.

"नाय, दोनदा!" तो खुशीत गाडीत चढला. "पोरांना शिकवता तरी काय ओ तुमी?"