रजईखालचं खोकं

"मावशी, मम्मा नहीं रही..." पाच आठवड्यांपूर्वी सकाळी नीलिमाच्या मुलीचा, ईशाचा फोन आला. हृदयविकाराचा झटका. दोन दिवस नीलिमा छाती चोळत होती. ईशाने विचारलं तर "काही नाही गं" एवढंच. "किसी को बोला ही नहीं उन्होंने," ईशा सांगत राहिली. मला नवल वाटलं नाही. सांगायची तिची सवय आम्हीच मोडली होती. आम्ही म्हणजे तिचा नवरा, डॉक्टर आणि मी.

ती साताऱ्याची, मी अकोल्याची; चंदीगडात वीस वर्षं शेजारी. मी एका दवाखान्यात नसा तपासायच्या यंत्रावर काम करते. नीलिमाचे तळपाय जळायला लागले तेव्हा तपासणी मीच केली. जानेवारीत आम्ही दोन-दोन मोजे घालायचो, ही गार फरशीवर अनवाणी. रजईचा स्पर्शही सोसेना म्हणून पायथ्याशी किन्नू संत्र्यांचं रिकामं खोकं ठेवून त्यावर रजई पांघरायची. रिपोर्ट नॉर्मल आला. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, इस उम्र में होता है. टेन्शन मत लो." आणि झोपेची गोळी लिहून दिली. मीही म्हटलं, "नीलू, यंत्र खोटं बोलत नाही. जरा बाहेर पड, मन रमव."

"तुझ्या यंत्राला म्हणावं, एक रात्र माझे पाय वापरून बघ." त्यानंतर तिने पायांचं नाव काढलं नाही.

ते यंत्र जाड नसाच तपासतं, बारीक नसा त्याला कळत नाहीत. हे मला तेव्हाही माहीत होतं... तीन वर्षांनी एक गृहस्थ आले. तशीच जळजळ, तसाच नॉर्मल रिपोर्ट. त्याच डॉक्टरांनी त्यांना बारीक नसांसाठी लगेच कातडीचा तुकडा तपासायला पाठवलं. नीलिमाला का नाही पाठवलं, विचारलं तर म्हणाले, "जेंट्स यूँ ही थोड़े आते हैं." भांडून तिची तीच तपासणी करवली. बारीक नसा खराब निघाल्या. कागद वाचून नीलू हसली, "चला, मी खोटारडी नव्हते. लेखी आलं." औषधाने जळजळ कमी झाली. गप्प राहणं गेलं नाही.

आता मी प्रत्येक नॉर्मल रिपोर्टखाली एक ओळ घालते: यात बारीक नसा कळत नाहीत. डॉक्टरांना आवडत नाही.

गेल्या रविवारी तिचे कपडे आवरायला गेले. पलंगावर रजई तशीच, पायथ्याशी उंच. खोकं रद्दीत टाकायला ओढून काढलं. वर्षानुवर्षं "तुझं काहीतरीच असतं" म्हणणाऱ्या तिच्या नवऱ्याने, अविनाशभावजींनी, ते माझ्या हातून घेतलं, जागेवर ठेवलं आणि वर रजई नीट पसरली.

"राहू द्या, वहिनी. रजई टोचते तिच्या पायांना."