न विचारता काढायचं नाही

सिंथियाचा फोन आला तेव्हा मी पीठ मळत होते. "मावशी, रॉनी गेला गं." एवढंच. पिठाचा हात तसाच राहिला... आता दीड महिना झाला.

सिंथिया रॉनीची बायको, आणि रॉनी माझ्या बहिणीचा मुलगा, अंधेरीच्या आमच्या गावठाणातच वाढलेला. जगभरच्या लोकांना फुकट वापरता येईल अशी एक सॉफ्टवेअर लायब्ररी तो आणि त्याचे परदेशातले मित्र लिहायचे. तक्त्यातले आकडे नावं लावलेल्या चौकटींत मांडून देणारी. हवामानवाले, समुद्रवाले ती वापरतात म्हणे. माझी शाळा सातवीत सुटली, पण त्याने जुन्या लॅपटॉपसमोर बसवून मलाही शिकवलं. "मावशी, जीभ चालते तेवढी बोटं चालव ना!"

त्याला छळत होती ती दुहेरी नावं. तक्त्यातल्या ओळीला एकाआत एक अशी दोन नावं असली, तर लायब्ररीत ती जोडून ठेवायची की सुटी? आणि कुणी एकच काढून टाकलं तर?

मे महिन्यात आम्ही चार जावा वर्षभर बाटल्यांत भरून ठेवायचा बाटली मसाला एकत्र कुटून घेतो. मिरचीचं प्रमाण मात्र ज्या त्या घराचं. बाटलीवर दोन चिठ्ठ्या, एक घराची, एक सालाची. एकदा मी शहाणीने ओल्या फडक्याने धूळ पुसली आणि घराच्या चिठ्ठ्या निघून आल्या. साल तेवढं राहिलं! धाकटी जाऊ ओरडली, "वाट लागली! माझा कुठला आता?" मग काय, चौघी चाखत बसलो, डोळ्यांतून पाणी. रॉनी आधी हसला, मग त्याने कपाळावर हात मारला. म्हणाला, "तुम्ही भांडलात तरी. माझी लायब्ररी एक नाव काढू देते आणि चकार शब्द बोलत नाही. कुणाचं उत्तर चुकलं तर त्याला कळणारही नाही. आणि ते मीच लिहिलंय, गं."

तेव्हा त्याचे उपचार सुरू झाले होते. त्याने ठरवलं, नावं सुटी ठेवायची, कुठल्याही नावाने शोधता यावं. पण आतून त्यांची जोडी राहील, ती मुद्दाम मोडल्याशिवाय एक काढू द्यायचं नाही. मित्र म्हणाले, लोकांचे जुने प्रोग्राम बंद पडतील. हा हट्टाला पेटला, "पडू देत!"

मी झापला त्याला. "चालतं काम एकदम अडवतोस? आधी सांग तरी, मेल्या!"

"हे पटलं," म्हणाला. आधी नुसती ताकीद, अडवणं नंतर; हॉस्पिटलच्या खाटेवर तेच लिहीत होता. मित्रांचा होकार येण्याआधीच गेला...

होकार आला पंधरा दिवसांनी. सिंथियाने माझ्या लॅपटॉपवर नवी लायब्ररी घातली. मी छोटा तक्ता केला आणि मुद्दाम एक नाव काढलं. इंग्रजी ओळी आल्या, त्यानेच लिहिलेल्या. अडखळत वाचल्या. या दोन नावांचा अर्थ एकत्रच लागतो, आधी जोडी मोडा. आज चालवून घेतो, पुढे नाही.

आता चहा झाला की मी रोज एकदा ती चूक करते. टोकतो मेला, न चुकता.